ड्रॅग अँड ड्रॉप: बोट ब्राउझरचं की आपलं?

एक साधी यादी घेऊ. फरसाणाच्या दुकानातून घरपोच माल पोचवणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर आठ थांबे आहेत: दादर, माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार रोड, सांताक्रूझ, विलेपार्ले, अंधेरी. सांताक्रूझच्या गिऱ्हाइकाला घाई आहे, म्हणून ती ओळ उचलून माहीमच्या वर न्यायची आहे. हीच यादी दुकानात बसलेला माणूस माउसने लावतो.

लॅपटॉपवर क्रोममध्ये हे अर्ध्या दिवसात चालायला लागतं. मग आयफोनवर ओळ उचलायला जावं तर अख्खं पान सरकतं. फायरफॉक्समध्ये ओळ जागची हलत नाही, तिच्यातला फोटो तेवढा उचलला जातो. अँड्रॉइडवर ओळ थोडी हलते आणि मधेच लटकून राहते.

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. स्क्रीनवर टेकलेलं बोट कोणाचं, हे ठरलेलं नाही. त्याच बोटाने ब्राउझरला पान सरकवायचं असतं, मजकूर निवडायचा असतो, फोटो ओढायचा असतो, मेन्यू उघडायचा असतो. आपल्याला ओळ उचलायची असते. हा वाद बोट टेकायच्या आधी मिटवावा लागतो. टेकल्यावर मिटवायला गेलात की ब्राउझर जिंकतो.

(इव्हेंट आणि प्रॉपर्टींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.)

ब्राउझरचं तयार ड्रॅग अँड ड्रॉप

'ड्रॅगस्टार्ट', 'ड्रॅगओव्हर', 'ड्रॉप' ही मंडळी 1999 च्या इंटरनेट एक्सप्लोरर 5 मधून आली आणि पुढे एचटीएमएल 5 मध्ये जवळपास तशीच घेतली गेली; 'ड्रॅगेबल' ॲट्रिब्यूट तिथे नव्याने जोडलं गेलं. डेस्कटॉपवरची फाइल पानात टाकायची असेल किंवा एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत काही न्यायचं असेल, तर दुसरा पर्याय नाही, हेच वापरा. यादीतल्या ओळी खालीवर करायला मात्र वापरू नका. उचललेल्या ओळीचं चित्र सुरुवातीला एकदा घेतलं जातं, नंतर ते बदलता येत नाही. बोटाने ते कसं वागेल हे प्रत्येक फोनवर वेगळं. आणि कीबोर्डचा तर पत्ताच नाही.

फाइलसाठी वापरणार असाल तर हे खड्डे आधीच पाहून ठेवा. 'ड्रॅगओव्हर'मध्ये 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' (ब्राउझरची नेहमीची कृती अडवणं) केलं नाही तर 'ड्रॉप' कधीच येत नाही; निम्म्या लोकांचा पहिला दिवस इथेच जातो. ओढलेला डेटा फक्त 'ड्रॉप'मध्ये वाचता येतो, त्याआधी फक्त त्याचा प्रकार कळतो, त्यामुळे 'ड्रॅगओव्हर'मध्ये रिकामी स्ट्रिंग मिळाली म्हणून डोकं धरू नका. 'इफेक्ट अलाउड' आणि 'ड्रॉप इफेक्ट' एकमेकांशी जुळले नाहीत तरी 'ड्रॉप' येत नाही, आणि कन्सोलमध्ये चकार शब्द दिसत नाही. 'ड्रॅगलीव्ह' हा चौकटीच्या आतल्या प्रत्येक एलिमेंटवर जातानाही येतो, म्हणून रंगवलेली चौकट लुकलुकते. ओढणं चालू असेपर्यंत आतल्या एलिमेंटना 'पॉइंटर-इव्हेंट्स: नन' द्या. 'ड्रॅगस्टार्ट'च्या आतच मूळ एलिमेंट लपवलं तर क्रोम लगेच 'ड्रॅगएंड' पाठवून मोकळा होतो; लपवायचं काम शून्य मिलिसेकंदांच्या 'सेट टाइमआउट'मध्ये टाका. कोऑर्डिनेट 'ड्रॅगओव्हर'मधून घ्या, 'ड्रॅग'मधून नको, कारण फायरफॉक्सने तिथे वर्षानुवर्षं शून्य दिलं आहे.

आणखी एक. फाइल चौकटीच्या बाहेर पडली तर काही ब्राउझर ती त्याच टॅबमध्ये उघडतात आणि माणसाने भरलेला फॉर्म गेला. संपूर्ण 'विंडो'वर 'ड्रॅगओव्हर' आणि 'ड्रॉप' अडवून ठेवा.

यादीसाठी पॉइंटर इव्हेंट

माउस, बोट आणि पेन या तिघांसाठी एकच कोड. क्रोममध्ये हे 55 व्या आवृत्तीपासून (2016), फायरफॉक्समध्ये 59 पासून (2018) आणि सफारीत 13 पासून (2019) आहे. त्याआधीच्या सफारीसाठी लोक माउस आणि टच असे दोन वेगळे संच लिहीत. तो जुना कोड अजून चालू असेल तर आता काढून टाकायला हरकत नाही.

सुरुवात सीएसएसपासून करा, जावास्क्रिप्टपासून नाही. ओळीच्या कडेला सहा ठिपक्यांची मूठ ठेवा, किमान 24 बाय 24 पिक्सेल, मोबाइलवर 44 च्या आसपास. त्या मुठीला 'टच-ॲक्शन: नन' द्या. याचा अर्थ: या जागेवर टेकलेलं बोट आमचं, इथून पान सरकवायचं नाही. हे न देता फक्त 'पॉइंटरडाउन'मध्ये 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' केल्याने सरकणं थांबत नाही. ब्राउझर थोडा वेळ 'पॉइंटरमूव्ह' देतो, मग ठरवतो की हे स्क्रोल आहे, 'पॉइंटरकॅन्सल' पाठवतो आणि त्यानंतर आपल्याला काहीही कळवत नाही. सुरुवातीला सांगितलेली अँड्रॉइडवरची लटकलेली ओळ ती हीच.

'टच-ॲक्शन: नन' पूर्ण यादीला लावायचा मोह टाळा. यादीने स्क्रीन भरली की माणसाला खाली जायला जागाच उरत नाही.

ओळीला 'युझर-सिलेक्ट: नन' द्या, सफारीसाठी तेच 'वेबकिट' उपसर्ग लावून पुन्हा लिहा. आयफोनवर लिंक किंवा फोटो दाबून धरला की जो मेन्यू येतो, त्यासाठी 'वेबकिट-टच-कॉलआउट: नन'. फोटो आणि लिंक जन्मतःच ओढता येण्याजोगे असतात, म्हणून त्यांना 'ड्रॅगेबल' हे 'फॉल्स' करा आणि यादीवर 'ड्रॅगस्टार्ट' आला तर तो सरळ अडवा. ब्राउझरचं स्वतःचं ओढणं सुरू झालं की तो आपल्या पॉइंटरला 'पॉइंटरकॅन्सल' देतो. फायरफॉक्सच्या फोटोचं कोडं इथे सुटतं.

आता 'पॉइंटरडाउन'. 'बटन' शून्य आहे ना, 'इझ प्रायमरी' खरं आहे ना, आधीच एखादं ओढणं चालू नाही ना, आणि मॅकवर कंट्रोल दाबलेलं नाही ना, हे तपासा. पॉइंटरचा आयडी आणि सुरुवातीची जागा नोंदवा. मग मुठीवर 'सेट पॉइंटर कॅप्चर' करा, म्हणजे त्या पॉइंटरचे पुढचे सगळे इव्हेंट मुठीलाच येतील. बोटाच्या बाबतीत ब्राउझर हे कॅप्चर आपोआप करतो, माउसच्या बाबतीत नाही. म्हणून ते लिहायचंच. ते नसेल तर माउस वेगाने खिडकीच्या बाहेर किंवा एखाद्या आयफ्रेमवर गेला की इव्हेंट येणं थांबतं, आणि परत आल्यावर बटण सोडलेलं असूनही ओळ माउसला चिकटलेली राहते.

कॅप्चरमुळे दोन गोष्टी बदलतात. पहिली: इव्हेंटचं 'टार्गेट' शेवटपर्यंत मूठच राहतं, म्हणून खाली काय आहे ते 'एलिमेंट फ्रॉम पॉइंट'ने विचारावं लागतं, आणि त्यासाठी उचललेल्या ओळीला 'पॉइंटर-इव्हेंट्स: नन' हवं, नाहीतर उत्तर कायम तीच ओळ येईल. दुसरी जास्त त्रासाची आहे: कॅप्चर ज्या एलिमेंटवर आहे ते डॉममध्ये (पानातल्या एलिमेंटच्या झाडात) इकडून तिकडे हलवलं की कॅप्चर सुटतं. 'इन्सर्ट बिफोर' म्हणजे आधी काढणं आणि मग घालणं. त्यामुळे ओढता ओढता खरी ओळ डॉममध्ये सरकवत राहायची ही जुनी पद्धत इथे आडवी येते. ओढणं चालू असताना डॉमला हातच लावू नका. उचललेली ओळ आणि तिच्यासाठी जागा करून देणाऱ्या बाकीच्या ओळी फक्त 'ट्रान्सफॉर्म'ने हलवा. डॉममधला क्रम शेवटी एकदाच बदला.

ओळ लगेच उचलू नका. माउससाठी 4-5 पिक्सेल आणि बोटासाठी 8-10 पिक्सेल हललं की मग उचला. त्याहून कमी म्हणजे तो क्लिक. रिक्षात बसून मोबाइल वापरणाऱ्याचं बोट खड्ड्यागणिक तीन-चार पिक्सेल तर असंच हलतं.

सावली काढायची असेल तर

एकाच यादीत खालीवर करायचं असेल तर खरी ओळच हलवणं उत्तम. एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत न्यायची असेल तर 'ओव्हरफ्लो'मुळे ओळ काठावर कापली जाते. तेव्हा तिची प्रत, म्हणजेच सावली, काढून 'बॉडी'ला जोडावी लागते. पूर्वजांपैकी कोणालाही 'ट्रान्सफॉर्म' असेल तर 'पोझिशन: फिक्स्ड' त्या पूर्वजाच्या हिशेबाने मोजलं जातं आणि सावली बोटापासून वीतभर लांब दिसते, म्हणून प्रत 'बॉडी'लाच. अपवाद 'शो मोडल'ने उघडलेल्या 'डायलॉग'चा: तो सगळ्यांच्या वर असतो, 'झेड-इंडेक्स' कितीही वाढवा, सावली त्याच्या खालीच. ती डायलॉगच्या आतच जोडा.

प्रत 'बॉडी'त गेली की तिचा वारसा तुटतो. यादीला दिलेला देवनागरी फॉन्ट तिला मिळत नाही, सिस्टिमचा दुसरा फॉन्ट येतो, त्याची ओळीची उंची वेगळी, आणि 'विलेपार्ले' उचलताक्षणी जाडजूड होऊन एक टप्पा खाली उडी मारतो. फॉन्ट, 'लाइन-हाइट' आणि रुंदी प्रतीवर स्पष्ट लिहा. टेबलची ओळ असेल तर प्रत्येक रकान्याची रुंदी पिक्सेलमध्ये कोंबा, नाहीतर सगळे रकाने एकमेकांना चिकटतात. आयडी काढून टाका. 'कॅनव्हास'मधलं चित्र प्रतीत येत नाही. आणि ओळीत रेडिओ बटणं असतील तर प्रतीतलं 'नेम' बदला: एकाच नावाच्या गटात एकच बटण निवडलेलं राहू शकतं, त्यामुळे निवडलेलं बटण असलेली प्रत पानात आली की मूळ ओळीतली निवड पुसली जाते. 'पैसे रोख' असं निवडलेलं होतं ते गेलं कुठे, हे शोधायला दुपार जाते.

जागा ठरवणं

सर्वात जास्त चुका इथे होतात. सोपा वाटणारा नियम असा: बोट ज्या ओळीवर आलं, तिच्याशी अदलाबदल करा. सगळ्या ओळी सारख्या उंचीच्या असतील तोवर हा चालतो. आता खार रोडची ओळ 48 पिक्सेलची आणि तिच्या खालची सांताक्रूझची, तीन ओळींच्या पत्त्यामुळे, 120 पिक्सेलची आहे असं धरा. खार रोड खाली ओढतोय. बोट यादीच्या त्या भागाच्या सुरुवातीपासून 58 पिक्सेलवर आलं, म्हणजे सांताक्रूझच्या आत 10 पिक्सेल. अदलाबदल झाली. आता सांताक्रूझ 0 ते 120 पर्यंत पसरलं आहे आणि बोट 58 वर, म्हणजे अजून सांताक्रूझवरच. पुन्हा अदलाबदल. बोट एक पिक्सेल हललं, पुन्हा. दोन्ही ओळी फडफडत राहतात.

उपाय: ओळ उचलताना सगळ्यांच्या जागा एकदाच मोजून ठेवा आणि पुढे त्याच मापांवर हिशेब करा. उचललेली ओळ सोडून बाकीच्यांपैकी किती ओळींचा मध्य बोटाच्या वर आहे ते मोजा. तो आकडा म्हणजे नवा क्रमांक, शून्यापासून मोजलेला. वरच्या उदाहरणात सांताक्रूझचा मध्य 108 वर आहे. बोट 108 ओलांडेपर्यंत काही होत नाही, ओलांडलं की एकदाच होतं. ओळी पडद्यावर कशाही सरकत असल्या तरी नोंदवलेली मापं हलत नाहीत, म्हणून फडफड नाही. दर हालचालीला 'गेट बाउंडिंग क्लायंट रेक्ट' विचारायचा खर्चही वाचतो, आणि स्वस्त फोनवर तो जाणवतो. 'पॉइंटरमूव्ह'मध्ये फक्त कोऑर्डिनेट साठवा, रंगकाम 'रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम'मध्ये करा.

यादी सरकत असेल तर उचलल्यापासून 'स्क्रोल टॉप' कितीने बदलला तो फरक बोटाच्या जागेत मिळवा. हे विसरलं की ओळ वर दिसते आणि पडते चार थांबे अलीकडे.

काठाशी आपोआप सरकण्यासाठी वरच्या आणि खालच्या काठाला साधारण 48 पिक्सेलची पट्टी पुरते. बोट काठाला जितकं जवळ, तितका वेग जास्त. हे 'पॉइंटरमूव्ह'वर बेतू नका, कारण काठावर बोट स्थिर असताना तो येतच नाही. फ्रेमच्या चक्रात ठेवा, आणि वेग फ्रेममागे किती यापेक्षा सेकंदाला किती असा मोजा. 120 हर्ट्झच्या फोनवर फ्रेमचा हिशेब दुप्पट धावतो. यादीला 'स्क्रोल-बिहेवियर: स्मूद' असेल तर ओढताना बंद करा, नाहीतर प्रत्येक छोट्या सरकण्याचं नवं ॲनिमेशन सुरू होतं आणि यादी जागच्या जागी रेंगाळते.

सोडणं

ओढणं संपायचे रस्ते बरेच आहेत: 'पॉइंटरअप', 'पॉइंटरकॅन्सल', 'लॉस्ट पॉइंटर कॅप्चर', एस्केप, खिडकीचा फोकस जाणं. सगळे एकाच फंक्शनमध्ये आणा आणि त्याला एवढंच सांगा की ओळ ठेवायची की मूळ जागी परत न्यायची. 'पॉइंटरअप' सोडून बाकी सगळ्यांत परत. ते फंक्शन दोनदा चाललं तरी बिघडू नये, कारण 'पॉइंटरअप'च्या पाठोपाठ 'लॉस्ट पॉइंटर कॅप्चर' येतोच.

ओळ जागेवर बसवायचं ॲनिमेशन असेल तर साफसफाई फक्त 'ट्रान्झिशन एंड'वर सोपवू नका. ओळ आधीच जागेवर असेल किंवा माणसाने फोनमध्ये हालचाली कमी केल्या असतील तर तो इव्हेंट येतच नाही. जोडीला 'सेट टाइमआउट' ठेवा. सोडल्यानंतर क्लिक येतो की नाही हे ब्राउझरवर अवलंबून आहे. ओढणं झालं असेल तर पुढचा क्लिक इव्हेंटच्या 'कॅप्चर' टप्प्यात (वरच्या पॉइंटर कॅप्चरशी याचा संबंध नाही) अडवा आणि तो अडथळा पुढच्या 'टाइमआउट'ला काढून टाका, नाहीतर माणसाचा नंतरचा खरा क्लिक गिळला जाईल.

मूठ नको, दाबून धरून उचलायचं

डिझायनर हे मागतोच. अडचण अशी की 'टच-ॲक्शन' बोट टेकतानाच ठरतं. 300 मिलिसेकंदांनी बदलून त्या बोटापुरता उपयोग शून्य. म्हणून इथे 'टचमूव्ह'चा आधार घ्या. यादीवर तो आधीपासून, 'पॅसिव्ह: फॉल्स' देऊन लावलेला असू द्या, बोट टेकल्यावर लावलेला सफारी जुमानत नाही. क्रोमने 56 व्या आवृत्तीपासून 'विंडो', 'डॉक्युमेंट' आणि 'बॉडी'वरचे टच लिसनर मुळातच 'पॅसिव्ह', म्हणजे सरकणं अडवू न शकणारे, केले आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहायलाच हवं.

टेकल्यावर 300 मिलिसेकंदांचा टायमर. तेवढ्यात बोट 10 पिक्सेलहून जास्त हललं तर टायमर रद्द, पान सरकू द्या. टायमर पूर्ण झाला तर ओळ उचला आणि तिथून पुढे प्रत्येक 'टचमूव्ह' अडवा, 'कॅन्सलेबल' आहे हे बघून. अँड्रॉइडवर दाबून धरल्यावर येणारा 'कॉन्टेक्स्टमेन्यू'ही अडवा. उचलल्याची जाणीव म्हणून फोन थरथरवायचा तर अँड्रॉइडच्या क्रोममध्ये 'व्हायब्रेट' चालतं. आयफोनच्या सफारीत नाही, म्हणून सावली किंवा रंग असं डोळ्यांना दिसणारं काहीतरी हवंच. तरीही पर्याय असेल तर मूठच ठेवा. दाबून धरायचं असतं हे सांगितल्याशिवाय कोणाला कळत नाही.

ओढता न येणाऱ्यांसाठी

डब्ल्यूसीएजी 2.2 (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे निकष, ऑक्टोबर 2023) च्या 2.5.7 या निकषानुसार ओढून होणारं काम न ओढताही, नुसत्या टॅपने, करता आलं पाहिजे. प्रत्येक ओळीला 'वर' आणि 'खाली' अशी दोन बटणं द्या, कीबोर्डचाही प्रश्न सुटतो. बटण दाबल्यावर फोकस असलेली ओळ डॉममध्ये हलवली तर फोकस उडतो. त्याऐवजी तिच्या शेजारची ओळ हलवा, परिणाम तोच आणि फोकस जागेवर. ओळ उचलली आहे हे स्क्रीन रीडरला सांगणारं 'एरिया-ग्रॅब्ड' वापरू नका, ते रद्दीत निघालं आहे. एका 'एरिया-लाइव्ह' चौकटीत (तिच्यातला नवा मजकूर स्क्रीन रीडर आपोआप वाचतो) साधं वाक्य टाका: 'सांताक्रूझ, आठपैकी तिसरा थांबा'. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असू द्या, नाहीतर स्क्रीन रीडर हे वाक्य दुसऱ्याच भाषेच्या आवाजात वाचेल.

तपासणी

भारतात आयफोनवरचा क्रोम आणि फायरफॉक्स आतून सफारीचंच इंजिन वापरतात. म्हणजे 'आयफोनच्या क्रोममध्ये चालतं' यावरून क्रोमबद्दल काहीच कळत नाही. तपासायची इंजिनं तीन: ब्लिंक (क्रोम), गेको (फायरफॉक्स), वेबकिट (सफारी). लॅपटॉपवरचा मोबाइल देखावा रचनेसाठी ठीक आहे, बोटाच्या भांडणासाठी नाही. खरा अँड्रॉइड यूएसबीने जोडा, आयफोन मॅकला जोडा.

दोन बोटं टेकवा. ओढता ओढता त्याच फोनवर दुसरीकडून फोन करा. स्क्रीन आडवी करा. डेस्कटॉपवर ओढताना दुसऱ्या खिडकीत जा. आणि जुलैत मुंबईत वापरली जाणारी वस्तू असेल तर स्क्रीनवर चार थेंब पाणी शिंपडून बघा: ओली काच खोटे स्पर्श पाठवते. पहिलं बोट टेकलेलं असताना आलेले हे स्पर्श 'इझ प्रायमरी' खोटं घेऊन येतात, म्हणून 'पॉइंटरमूव्ह' आणि 'पॉइंटरअप'मध्येही नोंदवलेला आयडी जुळतो का ते पाहा. नाहीतर थेंब निथळला आणि तुमच्या कोडला वाटलं की बोट उचललं.

बिघाड शोधताना स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी ठेवून आलेल्या इव्हेंटची नावं तिच्यात छापत राहा आणि ओळ अडकली की शेवटची एक-दोन नावं वाचा. 'पॉइंटरकॅन्सल' असेल तर 'टच-ॲक्शन' राहिलं किंवा फोटोचं स्वतःचं ओढणं सुरू झालं. 'पॉइंटरअप' किंवा 'पॉइंटरकॅन्सल'शिवाय नुसताच 'लॉस्ट पॉइंटर कॅप्चर' असेल तर कोणीतरी डॉम हलवला; बहुतेकदा तो यादी पुन्हा रंगवणारा फ्रेमवर्क असतो, ओढणं संपेपर्यंत त्याला थांबवा. 'पॉइंटरमूव्ह'वरच गाडी थांबली असेल तर कॅप्चर झालंच नाही. आणि 'पॉइंटरअप' येऊनही ओळ लटकली असेल तर ब्राउझरला दोष नको, साफसफाईचं फंक्शन उघडा.